सातारा व सांगली जिल्ह्यांतील सायकल संस्कृती

महाराष्ट्राच्या सातारा आणि सांगली या दोन शेजारी जिल्ह्यांत सायकलचा वापर, दुरुस्ती, पुनर्वापर, खेळ आणि पर्यटन यांभोवती निर्माण झालेल्या लोकजीवनास सायकल संस्कृती असे म्हणता येते. विसाव्या शतकाच्या बहुतांश काळात सायकल हे येथील विद्यार्थी, शिक्षक, टपालवाले, दूधवाले व कारखान्यांतील कामगार यांचे रोजचे वाहन होते. मोटारसायकलींचा प्रसार झाल्यानंतर तिचे हे स्थान मागे पडले. मात्र व्यायाम, छंद व दूरच्या प्रवासासाठी सायकलचा वापर एकविसाव्या शतकात पुन्हा वाढला आहे. गरजेची सायकल आणि हौसेची सायकल या दोन्हींना जोडणारा दुवा म्हणजे दुरुस्तीचे स्थानिक कौशल्य होय.

संज्ञा

इंग्रजीतून आलेला 'सायकल' हा शब्द मराठीत स्त्रीलिंगी रूढ झाला आहे. जुन्या मराठी लेखनात तिच्यासाठी 'पायगाडी' हा शब्द आढळतो. 'दुचाकी' हा शब्दही पूर्वी सायकलसाठीच वापरला जाई. आता त्याने प्रामुख्याने मोटारसायकल वा स्कूटर सूचित होते. एक पाय पॅडलवर ठेवून दुसरा पाय सीटवरून पलीकडे टाकण्यास 'टांग मारणे' म्हणतात. मागे वा दांडीवर दुसऱ्यास बसवून नेणे म्हणजे 'डबलसीट'. सायकलचे सर्व भाग खोलून, धुऊन व वंगण घालून पुन्हा जोडण्याच्या कामाचे इंग्रजी नाव बोलीत 'ओव्हरऑइल' असे झाले आहे. चौकटीच्या उंचीवरून सायकलींना 'बावीस इंची' व 'चोवीस इंची' अशी नावे पडली.

इतिहास

आरंभ

दोन समान चाके आणि मागील चाकास साखळीने गती देणारी आधुनिक धाटणीची सायकल १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी 'रोव्हर' या नावाने बाजारात आणली. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. त्यानंतर सायकलवरील प्रवास सुसह्य झाला आणि जगभर तिचा प्रसार वेगाने झाला.

या परिसराच्या औद्योगिक इतिहासात सायकलला विशेष स्थान आहे. किर्लोस्कर उद्योगसमूह आपली स्थापना १८८८ पासून मोजतो आणि त्याचे मूळ बेळगाव येथील सायकलच्या दुकानात आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये नोकरीस होते. मुंबईत सायकली विकत घेऊन ते बेळगावास पाठवत व तेथे त्यांचे बंधू रामचंद्र, म्हणजे रामुअण्णा, त्या विकत. विक्रीबरोबर दुरुस्ती व सायकल चालविण्याचे शिक्षणही दुकानातर्फे दिले जाई. पुढे किर्लोस्कर बंधू लोखंडी नांगर व कडबा कापण्याच्या यंत्रांच्या निर्मितीकडे वळले. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनी त्यांना आपल्या संस्थानात जमीन देऊ केली. १९१० मध्ये कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळील माळरानावर किर्लोस्करवाडी वसली. हे ठिकाण आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे. सायकलच्या दुकानातून सुरू झालेला उद्योग अशा रीतीने शेती अवजारांच्या कारखान्याच्या रूपाने कृष्णाकाठी आला.

स्वातंत्र्योत्तर काळ

१९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा हा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव देण्यात आले. सायकलच्या देशव्यापी प्रसाराचा काळही हाच होता. स्वातंत्र्यापूर्वी रॅले, हंबर, बी.एस.ए. व हर्क्युलस या ब्रिटिश सायकली आयात होत. स्वातंत्र्यानंतर देशी उत्पादनाने वेग घेतला. मद्रासमध्ये टी.आय. सायकल्स (१९४९), सोनीपत येथे ॲटलस (१९५१) आणि लुधियाना येथे हीरो (१९५६) हे कारखाने उभे राहिले. आसनसोल येथे सेन-रॅले सायकली बनवू लागली. मुंबईतील हिंद सायकल्स ही मराठी मुलखाला जवळची कंपनी होती. हिंद सायकल्स व सेन-रॅले या दोन्ही कंपन्यांचे १९८० मध्ये राष्ट्रीयीकरण झाले.

त्या काळी सायकल ही मौल्यवान मालमत्ता मानली जाई. लग्नात वराला सायकल, मनगटी घड्याळ व रेडिओ देण्याची प्रथा ग्रामीण महाराष्ट्रात होती. हुंड्याच्या प्रथेचाच तो एक भाग होता. नगरपालिका सायकलींवर वार्षिक कर आकारत आणि कर भरल्याची खूण म्हणून धातूचा बिल्ला देत. रात्री दिव्याशिवाय सायकल चालविणे व डबलसीट नेणे यांबद्दल दंड होई. त्यामुळे रॉकेलचा दिवा आणि पुढे चाकावर घासून फिरणारा डायनॅमो हे सायकलचे आवश्यक भाग बनले. खंडेनवमी व दसऱ्याला अवजारांबरोबर सायकलही धुऊन, झेंडूची माळ घालून पूजली जाते. ती उपजीविकेचे साधन होती, याची ही खूण आहे.

दैनंदिन वापर

सांगली जिल्ह्याचा कृष्णा व वारणाकाठचा भाग बहुतांशी सपाट असल्याने तेथे बिनगिअरची जड सायकल सहज चालते. सांगली व मिरज ही शहरे एकमेकांपासून सुमारे दहा किलोमीटरांच्या आत आहेत. त्यांच्या दरम्यान विश्रामबाग भागात विलिंग्डन महाविद्यालय (स्थापना १९१९) आणि वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय (स्थापना १९४७) आहे. शहरातून महाविद्यालयापर्यंतचे हे अंतर चालण्यास लांब, पण सायकलला सोयीचे होते.

ग्रामीण भागात सायकल ही मालवाहू गाडीही होती. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवून संकलन केंद्रावर जाणारे गवळी, वैरणीचा भारा आडवा बांधून परतणारे शेतकरी, पहाटे वर्तमानपत्रे टाकणारी मुले, पाववाले, उन्हाळ्यात लाकडी पेटी लावून 'गारेगार' विकणारे, तसेच स्टँडवर उभ्या केलेल्या सायकलच्या चाकाने दगड फिरवून सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारे कारागीर हे तिचे नेहमीचे वापरकर्ते होत. यांपैकी बहुतेक व्यवसाय आता मोटारसायकलवर चालतात.

ज्यांना सायकल घेणे परवडत नसे त्यांच्यासाठी तासाच्या भाड्याने सायकली देणारी दुकाने गावोगावी असत. दुकानदार वहीत नाव व वेळ लिहून सायकल देई. ओळखीच्या गिऱ्हाइकास अनामत लागत नसे. शाळकरी मुलांसाठी लहान आकाराच्या सायकली ठेवल्या जात. तरीही अनेक मुले घरातील मोठ्यांच्या सायकलवरच शिकत. सीटपर्यंत पोहोचण्याइतकी उंची नसल्याने चौकटीच्या त्रिकोणातून पाय घालून 'हाफ पॅडल' मारणे ही शिकण्याची पहिली पायरी असे. त्यानंतर दांडीवरून व शेवटी सीटवरून, अशी बढती मिळे.

दुरुस्ती व पुनर्वापर

पंक्चर आणि चाक

दोन्ही जिल्ह्यांच्या पूर्व भागातील कोरड्या माळरानावर बाभळीचे काटे व सराटे ही पंक्चरची मुख्य कारणे आहेत. पंक्चर काढण्याची पद्धत गेल्या शतकभरात फारशी बदललेली नाही. ट्यूब बाहेर काढून तिच्यात हवा भरतात व ती पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे कोठून येतात ते पाहतात. छिद्राभोवतीचा भाग घासून खरखरीत केला जातो, त्यावर सोल्युशन लावून ते किंचित वाळू दिले जाते आणि मग रबराचा तुकडा दाबून बसवतात. ट्यूब परत घालण्यापूर्वी टायरच्या आतून बोट फिरवून काटा उरला नाही ना, हे पाहणे महत्त्वाचे असते. अन्यथा तेच पंक्चर पुन्हा होते.

वाकडे झालेले चाक सरळ करणे, म्हणजे 'आऊट काढणे', हे अधिक कौशल्याचे काम आहे. चाक फिरवून रिम कोणत्या बाजूस झुकते ते पाहतात. झुकलेल्या बाजूच्या तारा सैल व विरुद्ध बाजूच्या घट्ट करत रिम मध्यावर आणली जाते. यासाठी मोजमापाचे यंत्र न वापरता डोळा, कान व बोटांचा अंदाज यांवर भर देणारे कारागीर आजही आहेत. हे कौशल्य बहुधा दुकानात उमेदवारी करूनच शिकले जाते.

जुन्या सायकलीचे पुनरुज्जीवन

जुन्या पद्धतीच्या काळ्या सायकलीची पोलादी चौकट, दांडीचे ब्रेक व सुटे भाग यांची रचना इतकी प्रमाणित आहे की एका कंपनीचा भाग बहुधा दुसऱ्या कंपनीच्या सायकलीस बसतो. त्यामुळे दोन-तीन निकामी सायकलींतून एक चालती सायकल तयार करता येते. पुनरुज्जीवनात प्रथम चौकटीस तडा गेला आहे का, हे तपासले जाते. नंतर हँडल, पॅडल व दोन्ही चाकांच्या मध्यातील छर्रे बदलणे, चेन व दातेरी चाके एकत्र बदलणे, ब्रेकची रबरे नवी बसवणे आणि शेवटी रंग देणे असा क्रम असतो. जुन्या दातेरी चाकावर नवी चेन चढवल्यास ती घसरते व लवकर झिजते, म्हणून हे दोन्ही भाग एकत्र बदलणे श्रेयस्कर ठरते.

वापराबाहेर गेलेल्या ब्रिटिश बनावटीच्या सायकली जतन करणारे हौशी संग्राहक महाराष्ट्रात आहेत. पुण्यातील विक्रम पेंडसे सायकल संग्रहालय हे त्याचे परिचित उदाहरण होय. मात्र ग्रामीण भागातील पुनर्वापर हा संग्रहापेक्षा उपयोगाशी निगडित आहे.

शेतीतील उपयोग

सायकलच्या पुनर्वापराचे सर्वांत लक्षणीय रूप म्हणजे 'सायकल कोळपे'. जुन्या सायकलचे एक चाक व हँडल यांना लोखंडी पट्ट्या व कोळप्याचे पाते जोडून हे अवजार बनते. एक माणूस ते ढकलत पिकाच्या ओळींमधील तण काढू शकतो व त्यासाठी बैलजोडी लागत नाही. गावातील वेल्डिंगच्या दुकानात ते तयार होत असल्याने अल्पभूधारक शेतकऱ्यांस ते परवडते.

फाटक्या ट्यूबच्या पट्ट्या ओझी बांधण्यासाठी व पाइपाची गळती थांबवण्यासाठी वापरल्या जातात. मुले त्यांपासून गलोल बनवतात, तर जुने टायर वा रिम काठीने पळवणे हा अनेक पिढ्यांचा खेळ राहिला आहे.

शिक्षण व स्त्रिया

माध्यमिक शाळा गावापासून दूर असणे हे ग्रामीण भागातील मुलींचे शिक्षण थांबण्याचे एक प्रमुख कारण राहिले आहे. एसटीची वेळ चुकली की शाळा बुडते आणि रोज पायी जाण्यास कुटुंबे तयार नसतात. अशा वेळी स्वतःची सायकल निर्णायक ठरते. महाराष्ट्र शासनाच्या मानव विकास कार्यक्रमात राज्यातील निवडक मागास तालुक्यांमध्ये इयत्ता ८वी ते १२वीच्या, शाळेपासून ५ किलोमीटरांच्या परिघात राहणाऱ्या गरजू मुलींना सायकल देण्याची योजना आहे. बिहारमध्ये २००६ मध्ये सुरू झालेल्या अशाच योजनेच्या अभ्यासात मुलींची माध्यमिक शाळेतील वयानुरूप नावनोंदणी ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले.

मधली दांडी नसलेल्या 'लेडीज' सायकलीमुळे साडी वा परकर नेसून सायकल चालविणे शक्य झाले. तत्पूर्वी सायकल चालविणारी स्त्री हा टीकेचा वा कुतूहलाचा विषय असे. शाळकरी मुलींच्या सायकली ही आज दोन्ही जिल्ह्यांतील सर्वसामान्य दृश्ये आहेत.

सायकल पर्यटन

भौगोलिक पार्श्वभूमी

दोन्ही जिल्हे मिळून सायकलस्वारास तीन भिन्न प्रदेश उपलब्ध होतात: पश्चिमेस सह्याद्रीचे घाट, मध्यभागी कृष्णेचे सुपीक खोरे आणि पूर्वेस माण, खटाव, आटपाडी व जत तालुक्यांतील कोरडी माळराने. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ प्रवासासाठी सर्वांत अनुकूल मानला जातो. पावसाळ्यात घाटांचे सौंदर्य वाढते. मात्र धुके, निसरडा रस्ता व दरडींचा धोकाही त्याच काळात असतो.

घाटमार्ग

पसरणी घाट: वाई ते पाचगणी हा सुमारे १२ किलोमीटरांचा चढ आहे. या अंतरात साडेपाचशे मीटरांहून अधिक उंची गाठावी लागते. म्हणजेच दर १०० मीटरांमागे सरासरी ५ मीटरांच्या आसपास चढण येते. वळणांवरून कृष्णेचे खोरे व धोम धरणाचा जलाशय दिसतो.

यवतेश्वर व कास: साताऱ्यातून यवतेश्वर घाट चढून सुमारे २५ किलोमीटरांवर कास पठार लागते. २०१२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून घोषित केलेल्या पश्चिम घाटातील स्थळांत त्याचा समावेश आहे. ऑगस्ट ते ऑक्टोबरदरम्यान पठारावर रानफुले फुलतात. याच काळात पर्यटकांच्या मोटारींची गर्दी होत असल्याने सायकलस्वार पहाटेची वेळ निवडतात.

ठोसेघर व चाळकेवाडी: सज्जनगडाच्या पायथ्याकडून ठोसेघर धबधब्यामार्गे हा रस्ता पवनचक्क्यांच्या पठारावर जातो. येथे चढापेक्षा समोरून येणारा वारा अधिक दमवतो.

केळघर व आंबेनळी: मेढ्याहून महाबळेश्वरास नेणारा केळघर घाट आणि महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारा आंबेनळी घाट मिळून देश व कोकण जोडला जातो. पाटणकडून चिपळूणकडे उतरणारा कुंभार्ली घाट हा कोकणात जाण्याचा दुसरा मार्ग आहे.

लांब उतारावर ब्रेक सतत दाबून धरल्यास रिम व रबरे तापतात. म्हणून ब्रेक थांबून-थांबून व दोन्ही चाकांवर समतोल लावणे आवश्यक असते. बिनगिअरची जुनी सायकल या घाटांत बहुतेकांना हाताने ढकलत न्यावी लागते. पूर्वी प्रवासी ती एसटीच्या टपावर चढवून घाटमाथा गाठत व उतार सायकलवर उतरत.

कृष्णाकाठचा मार्ग

क्षेत्र महाबळेश्वर येथील उगमापासून कृष्णेच्या सोबतीने सांगलीपर्यंत जाणारा प्रवास हा दोन्ही जिल्ह्यांना जोडणारा नैसर्गिक सायकलमार्ग आहे. वाईचे घाट व ढोल्या गणपती, कृष्णा-वेण्णा संगमावरील माहुली, कृष्णा-कोयनेचा कराड येथील प्रीतिसंगम, औदुंबर, कृष्णा-येरळा संगमावरील ब्रह्मनाळ, सांगलीचा आयर्विन पूल (१९२९) आणि कृष्णा-वारणा संगमावरील हरिपूर हे त्यावरील टप्पे होत. महाबळेश्वरची उंची समुद्रसपाटीपासून १,३०० मीटरांहून अधिक, तर सांगलीची सुमारे ५५० मीटर आहे. त्यामुळे एकंदर प्रवास उताराचा होतो. महामार्ग टाळून गावांतील रस्त्यांनी गेल्यास ऊस व हळदीची शेते, गुऱ्हाळे आणि आठवडी बाजार वाटेत लागतात.

वाटेतील इतर आकर्षणांत सागरेश्वर अभयारण्य (१९८५) व मिरज तालुक्यातील दंडोबा डोंगर ही ठिकाणे सांगलीच्या सायकलस्वारांच्या एका दिवसाच्या सहलींत असतात. पूर्व-पश्चिम प्रवासासाठी चिपळूण, पाटण, कराड, विटा व जत यांना जोडणारा गुहागर–विजापूर मार्ग वापरला जातो.

दीर्घ पल्ल्याचे उपक्रम

भारतातील दीर्घ सायकल प्रवासाच्या परंपरेत मुंबईहून १५ ऑक्टोबर १९२३ रोजी निघालेल्या तरुणांची पृथ्वीप्रदक्षिणा अग्रस्थानी आहे. अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा या तिघांनी १९२८ मध्ये सुमारे ७१,००० किलोमीटरांचा प्रवास पूर्ण केला.

सध्याच्या उपक्रमांत 'ब्रेव्हे' प्रवास लोकप्रिय आहेत. पॅरिसमधील ऑडॅक्स क्लबच्या नियमांनुसार हे प्रवास होतात व भारतात ऑडॅक्स इंडिया त्यांचे संयोजन करते. २०० किलोमीटरांसाठी साडेतेरा तास, ३०० साठी २०, ४०० साठी २७ आणि ६०० साठी ४० तासांची मुदत असते. ही शर्यत नसते. मुदतीत पोहोचणारे सर्व जण सारखेच यशस्वी मानले जातात. ठरावीक तपासणी केंद्रांखेरीज वाटेत सोबतच्या वाहनाची मदत घेता येत नाही. त्यामुळे पंक्चर काढता येणे ही सहभागाची व्यावहारिक पूर्वअट ठरते. पुण्याहून निघणाऱ्या अनेक ब्रेव्हेंचे मार्ग सातारा जिल्ह्यातून जातात. पुणे ते गोवा ही सुमारे ६४० किलोमीटरांची 'डेक्कन क्लिफहँगर' शर्यतही सातारा व कोल्हापूरच्या परिसरातून जाते. अमेरिकेतील 'रेस अक्रॉस अमेरिका' या स्पर्धेसाठी ती पात्रता फेरी आहे.

आषाढी एकादशीच्या सुमारास पंढरपूरला सायकलवरून जाण्याचा प्रघातही राज्यात रुजला आहे. संत ज्ञानेश्वरांच्या पालखीचा मार्ग सातारा जिल्ह्यातील लोणंद, तरडगाव, फलटण व बरड येथून जातो. सायकलस्वार बहुधा पायी दिंड्यांच्या आधी हा प्रवास करतात, जेणेकरून वारकऱ्यांच्या वाटेत अडथळा येऊ नये.

समस्या

वाढती मोटार वाहतूक हा सायकलस्वारांपुढील सर्वांत गंभीर प्रश्न आहे. पुणे–सातारा–कराड–कोल्हापूर हा राष्ट्रीय महामार्ग क्र. ४८ अवजड वाहतुकीचा असून त्यावर सायकलसाठी स्वतंत्र मार्गिका नाही. उसाच्या गळीत हंगामात एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडून होणारी वाहतूक रात्री विशेष धोकादायक ठरते, कारण मागील ट्रॉलीस दिवा वा परावर्तक नसल्यास ती दिसत नाही. याचा फटका हौशी सायकलस्वारांपेक्षा अंधारात कामावरून परतणाऱ्या सायकलस्वार कामगारांना अधिक बसू शकतो. मागील बाजूस लाल दिवा, कपड्यांवर परावर्तक पट्टी व हेल्मेट यांचा वापर हे त्यावरील किमान उपाय होत.

दुसरा प्रश्न दुरुस्तीच्या व्यवसायाचा आहे. भाड्याची दुकाने जवळजवळ नाहीशी झाली असून अनेक कारागीर मोटारसायकल दुरुस्तीकडे वळले आहेत. नव्या गिअरच्या सायकलींचे डिस्क ब्रेक व गिअरची यंत्रणा यांना वेगळी हत्यारे व प्रशिक्षण लागते, जे शहरांतील मोजक्याच दुकानांत मिळते. परिणामी महागडी सायकल गावाच्या रस्त्यावर बिघडल्यास अडचण होते, तर जुनी सायकल सुट्या भागांअभावी भंगारात जाते.

सद्यस्थिती

संयुक्त राष्ट्रांनी २०१८ मध्ये ३ जून हा जागतिक सायकल दिन म्हणून घोषित केला. २०२० मध्ये याच दिवशी ॲटलसने आपला साहिबाबाद येथील कारखाना बंद केला. दुसरीकडे कोविड-१९ च्या साथीच्या काळात व्यायामासाठी देशभर सायकलींची मागणी वाढली. सातारा व सांगलीतही एकाच रस्त्यावर कार्बन चौकटीची सायकल घेऊन घाटाकडे निघालेला स्वार आणि कॅरिअरवर वैरण बांधून घरी परतणारा शेतकरी दिसू शकतो. दोघांच्याही टायरमध्ये सराटा शिरल्यास त्यांना गाठावे लागते ते पाण्याचे घमेले व हातपंप ठेवणारे रस्त्याकडेचे दुकान. त्यामुळे येथील सायकल पर्यटनाचे भवितव्य नव्या सायकलींच्या विक्रीइतकेच सुरक्षित रस्ते व गावोगावच्या दुरुस्ती कारागिरांच्या टिकण्यावर अवलंबून आहे.

हे सुद्धा पहा

सायकल
किर्लोस्करवाडी
लक्ष्मणराव किर्लोस्कर
कास पठार
कृष्णा नदी
पसरणी घाट